मुलतानी मातीचा मुखलेप : त्याचें कार्य आणि त्याची मर्यादा

विद्यार्थिमित्रहो, वऱ्हाडांतील मुलास काळ्या जमिनीची ओळख करून द्यावी लागत नाहीं. वैशाखांत आपल्या शेतांना भेगा पडतात. त्या इतक्या रुंद असतात कीं लहान मुलाचा हात त्यांत सहज जावा. पुढें आषाढांतला पाऊस झाला म्हणजे त्याच भेगा मिटतात, जमीन फुगते, आणि चिखल वहाणेस असा चिकटतो कीं पाऊल उचलणें कठीण व्हावें. पाणी मिळतांच फुगणें, पाणी जातांच आकसणें आणि जें भेटेल त्यास धरून ठेवणें, हे या मातीचे तीन गुण होत. वाण्याच्या दुकानांत थोड्या पैशांत मिळणारी मुलतानी माती चेहऱ्यास लावली असतां जें कार्य करते, तें याच गुणांच्या योगें.

हा लेप अनेक घरांतून मुली लावतात, आणि हल्लीं मुलगेही लावूं लागले आहेत. परंतु तो कां लावावा, कसा लावावा आणि त्यापासून कोणती अपेक्षा करूं नये, या तीन प्रश्नांचा विचार थोडेच करतात. पैकीं तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तो किती महत्त्वाचा, हें आपल्याच अकोला शहरांत घडलेल्या एका गोष्टीवरून दिसून आलें. ती गोष्ट पुढें येईलच. प्रथम मातीचा विचार करूं.

१. माती तेल कशी ओढते?

सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर ज्वालामुखींच्या लाव्हारसाचे थरावर थर पसरले. ते थंड होऊन बेसाल्ट नांवाचा काळा पाषाण झाला. ऊन, पाऊस व वारा यांनीं तो पाषाण झिजवून त्याची जी माती केली, तीच आपली कपाशीची काळी जमीन. अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ १९६९ सालीं स्थापन झालें; या मातीचा अभ्यास हें त्याच्या कार्याचें एक अंग आहे. या मातीच्या सूक्ष्म कणांत ज्या खनिजांचें प्राबल्य असतें, त्यांच्या गटास स्मेक्टाइट म्हणतात. त्या गटांतील प्रमुख खनिज मॉन्टमोरिलोनाइट. फ्रान्स देशांतील एका गांवाच्या नांवावरून त्यास हें नांव मिळालें.

मुलतानी मातीचें मुख्य खनिजही याच गटांतील आहे. मुलतान शहर १९४७ पासून पाकिस्तानांत आहे. आपल्याकडे विकली जाणारी माती राजस्थानांतील बाडमेर, बिकानेर इत्यादि जिल्ह्यांत खणून काढतात. जुनें नांव मात्र टिकून राहिलें आहे.

या खनिजाचा एकेक कण म्हणजे जणूं एक लहानसें पुस्तक होय. त्याचें प्रत्येक पान सुमारें एक नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहा लक्षाव्या भागाइतकें, जाड असतें. पानांच्या मध्यें पाणी शिरलें कीं पुस्तक फुगतें. पाणी निघून गेलें कीं तें मिटतें. पानें इतकीं पातळ असल्यामुळें चिमूटभर मातीचें पृष्ठ फार मोठें भरतें. एक ग्रॅम शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या सर्व पानांच्या दोन्ही बाजू मोजल्या तर त्यांचें क्षेत्रफळ सुमारें ७०० चौरस मीटर होईल. कबड्डीचें मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असतें. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आवारांत अशीं पांच मैदानें शेजारीं शेजारीं आखलीं आहेत अशी कल्पना करा, म्हणजे एवढ्याशा मातीस तेल व मळ धरून ठेवण्यासाठीं केवढी जागा मिळते, हें ध्यानांत येईल.

मातीचा हा गुण लोकांनीं रसायनशास्त्राच्या आधीं ओळखला होता. मेंढीच्या लोकरीस जी चरबी चिकटलेली असते, ती काढण्यासाठीं युरोपांतील लोकर धुणारे कारागीर कित्येक शतकें अशीच माती वापरीत असत. आपल्याकडेही केस धुण्यास माती वापरण्याची चाल जुनी आहे.

ज्यांस याची परीक्षा पाहावयाची असेल त्यांनीं घरीं पुढील प्रयोग करावा. जुन्या पांढऱ्या सुती कापडाचे दोन तुकडे घेऊन प्रत्येकावर गोड्या तेलाचा एकेक थेंब टाकावा. एका डागावर कोरड्या मुलतानी मातीचें चूर्ण दाबून बसवावें व दुसरा तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चूर्ण झटकून दोन्ही डाग उजेडासमोर धरावे. मातीखालचा डाग फिकट झालेला दिसेल. परंतु तो समूळ गेलेला बहुधा दिसणार नाहीं. मातीचें काम किती व कोठपर्यंत, याचा हा पहिला धडा होय.

२. तारुण्यपीटिका कां येतात?

आपल्या त्वचेंत तेल स्रवणाऱ्या सूक्ष्म ग्रंथि आहेत. त्यांचें तेल रंध्रांवाटे बाहेर येऊन कातडीस मऊ ठेवतें, म्हणून तें शत्रु नव्हे. बालपण संपून तारुण्य येऊं लागलें कीं शरीरांत अंतःस्राव वाढतात व त्यांच्या प्रेरणेनें या ग्रंथि पूर्वींपेक्षां अधिक तेल देऊं लागतात. रंध्राच्या तोंडाशीं तेल व मृत त्वचेचे कण यांचें बूच बसतें, आंतल्या बाजूस जंतु वाढतात, आणि पुटकुळी उठते. ज्याच्या तोंडावर पुटकुळ्या तो अस्वच्छ, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. बुचाचा आरंभ त्वचेच्या आंत होतो, बाहेरच्या धुळीपासून नव्हे. म्हणून दिवसांतून दहा वेळां साबणानें तोंड घासणाऱ्या मुलाचेंही दुःख कमी होत नाहीं; उलट कातडी कोरडी पडून अधिक चिडते.

मग लेपाचा उपयोग तो काय? तो त्वचेच्या पृष्ठावरील जादा तेल व मळ उचलतो, मृत कणांचा सैल थर काढतो, आणि कांहीं वेळ चेहरा स्वच्छ व मऊ लागतो. अकोल्याच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो व घाम आणि तेल यांनीं तोंड चिकट होतें, तेव्हां हा आराम लहान नव्हे. परंतु ग्रंथींचें काम माती थांबवीत नाहीं. तेल पुन्हा येतें.

जर्मनींत २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत सौम्य पीटिका असलेल्या लोकांनीं माती व होहोबाचें तेल यांचा लेप आठवड्यांतून दोन-तीन वेळां, याप्रमाणें सहा आठवडे लावला. ज्यांनीं आपल्या पुटकुळ्यांची नीट मोजदाद ठेवली, त्यांच्यांत सरासरीनें त्या निम्म्याहून थोड्या अधिक कमी झाल्या. हें ऐकून आनंद वाटेल. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्यानें लगेच विचारावें कीं, लेप न लावणाऱ्या दुसऱ्या गटाशीं तुलना केली होती काय? केली नव्हती. पुटकुळ्या आपोआपही कमी-अधिक होतात. म्हणून त्या अभ्यासावरून लेप आशादायक आहे इतकेंच म्हणतां येतें. तो सिद्ध उपाय आहे असें म्हणतां येत नाहीं.

३. लेपाची कृति

प्रथम माती वस्त्रगाळ करावी. गाळतांना नाकातोंडावर रुमाल बांधावा, कारण ही बारीक धूळ छातींत जाणें हितकर नाहीं. दोन चहाचे चमचे माती कांचेच्या किंवा चिनी मातीच्या स्वच्छ वाटींत घ्यावी, तींत उकळून निववलेलें पाणी अथवा गुलाबपाणी थोडें थोडें घालावें, आणि दहा मिनिटें भिजूं द्यावी. लेप घट्ट दह्यासारखा व्हावा. ज्यांची कातडी कोरडी आहे त्यांनीं त्यांत अर्धा चमचा साय किंवा दहीं मिसळावें. लेप लागेल तेवढाच करावा. ओला लेप ठेवून दिल्यास त्यांत जंतु वाढतात.

पहिल्या वेळीं लेप चेहऱ्यास न लावतां कोपराच्या आंतल्या बाजूस थोडा लावून धुवावा व एक दिवस वाट पाहावी. तेथें खाज, लाली किंवा पुरळ न आल्यास तो चेहऱ्यास लावण्यास हरकत नाहीं. चेहरा साध्या पाण्यानें धुवून बोटांनीं पातळ थर द्यावा. डोळ्यांभोंवतीं, ओठांवर आणि जखमेवर देऊं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. लेप पूर्ण वाळून तडकेपर्यंत ठेवावा अशी समजूत आहे; तसें करूं नये. वैशाखांतलें शेत आठवा. वरचें पाणी संपलें कीं माती आकसते, ओढली जाते व फाटते. चेहऱ्यावरील लेप वाळला कीं तोही तसाच कातडीस ओढतो व तिचा ओलावा घेतो. त्वचा ताणल्यासारखी वाटते, त्यास लोक गुण समजतात. वास्तविक ती कोरडेपणाची खूण आहे. म्हणून आठ-दहा मिनिटांनीं, लेपाच्या कडा फिकट होऊं लागल्या पण मध्यें ओल आहे, अशा वेळींच तो पाण्यानें भिजवून हलक्या हातानें धुवावा. खरडून काढूं नये. मऊ पंचानें चेहरा टिपावा व थोडें खोबरेल किंवा साधें स्निग्ध मलम लावावें. तेलकट त्वचेच्या माणसानें खोबरेल टाळावें, कारण त्यानें रंध्रें बुजण्याचा संभव असतो.

तेलकट कातडीस आठवड्यांतून एकदां, फार तर दोनदां, आणि कोरड्या कातडीस पंधरवड्यांतून एकदां इतकें पुरे. हिवाळ्यांत त्याहूनही कमी. लेपांत लिंबाचा रस घालण्याचा सल्ला पुष्कळ देतात. तो मानूं नये. लिंबाचा रस कातडीवर राहून त्यावर ऊन पडलें तर दाह होऊन काळे डाग उठतात, आणि ऊन तर आपल्याकडे वर्षाचे आठ महिने कडक असतें.

अकोला व अमरावती जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा आहे, हें आपण भूगोलांत शिकलां आहां. तेथील विहिरींच्या खाऱ्या पाण्यानें तोंड धुतल्यास कातडी आणखी कोरडी होते. तेथील मुलांनीं शेवटचें धुणें तांब्याभर गोड्या पाण्यानें करावें.

४. शेतांतील माती कां नको?

कोणी चतुर विद्यार्थी विचारील कीं, खनिज जर एकाच गटांतलें, तर विकत कां घ्यावी? घरचीच काळी माती कां लावूं नये? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तर खनिजांत नसून त्यासोबत जें येतें त्यांत आहे. शेतांत शेणखत पडतें व गुरें वावरतात. अशा मातींत धनुर्वाताचे जंतु असतात, आणि फुटलेली पुटकुळी ही त्यांस उघडें दार आहे. शिवाय कपाशीवर विषारी औषधें फवारतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं फवारणीच्या विषबाधेनें अनेक शेतकरी व मजूर दगावले. त्या विषाचा अंश ज्या मातींत पडतो ती चेहऱ्यास लावण्याजोगी नव्हे. म्हणून खाणींतून आलेली, शुद्ध केलेली, बंद पुडींतील माती घ्यावी. पुडीवर उत्पादकाचें नांव, पत्ता व तारीख असावी.

मुलतानी माती खाण्याची संवय कांहीं मुलांस व गर्भवती स्त्रियांस असते. ती मोडावी. मातींत शिसें व इतर जड धातु असूं शकतात. २०१६ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें बाजारांतील एका मातींत शिसें आढळल्यावरून ती वापरूं नये असा जाहीर इशारा दिला होता. शिवाय माती खावीशी वाटणें ही पुष्कळदां अंगांतील रक्त कमी असल्याची खूण असते. त्यासाठीं रक्ताची तपासणी करून घ्यावी.

५. माती रंग बदलीत नाहीं

आतां तिसरा प्रश्न. कातडीचा रंग मेलॅनिन नांवाच्या द्रव्यामुळें येतो. तें कातडीच्या खालच्या थरांतील पेशींत तयार होतें व सूर्याच्या घातक किरणांपासून आपलें रक्षण करतें. मातीचें काम पृष्ठावर चालतें. त्या पेशींपर्यंत ती पोंचत नाहीं. लेपानंतर चेहरा उजळ दिसतो तो धूळ व तेल गेल्यामुळें. रंग पूर्वींचाच असतो. स्वच्छ दिसणें ही एक गोष्ट आणि गोरें होणें ही निराळी. मातीनें पहिली साधते. दुसरी साधत नाहीं आणि साधण्याची गरजही नाहीं. परंतु पहिलीवर समाधान न मानतां दुसरीच्या मागें लागलें म्हणजे धोक्याची वाट सुरू होते.

२०२३ च्या जानेवारींत वृत्तपत्रांतून पुढील हकीकत प्रसिद्ध झाली. अकोल्यांतील एक तरुण विद्यार्थिनी गोरेपणाचें एक मलम वापरूं लागली. रंग उजळला, मैत्रिणींनीं वाखाणणी केली. तें पाहून तिची आई व बहीण याही तें लावूं लागल्या. कांहीं महिन्यांत तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. एकाच घरांतील तिघींस एकच विकार कां व्हावा, हा प्रश्न डॉक्टरांस पडला. शोध घेतां घेतां ते त्या मलमापर्यंत आले, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयांत तें तपासलें असतां त्यांत पारा फार मोठ्या प्रमाणांत आढळला. केरळांतील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनाही हेंच दिसून आलें. तेथें २०२१ ते २०२३ या काळांत एका विशिष्ट प्रकारच्या मूत्रपिंडविकाराचे १५ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकीं १३ जणांनीं गोरेपणाचीं मलमें वापरल्याचें सांगितलें.

पारा हें कसें करतो? मेलॅनिन तयार होण्यासाठीं जें विकर लागतें, त्याचें काम पारा बंद पाडतो. म्हणून कांहीं दिवसांतच रंग फिका होतो व मलम गुणकारी वाटतें. परंतु पारा कातडींतून रक्तांत जातो आणि रक्त गाळणाऱ्या मूत्रपिंडांत साचतो. मलम सोडलें कीं रंग पूर्ववत् होतो. मूत्रपिंडाची हानि मात्र नेहमींच पूर्ववत् होते असें नाहीं.

कायदा याविषयीं स्पष्ट आहे. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणें चेहऱ्याच्या मलमांत चुकून राहिलेला पारादेखील दहा लक्ष भागांत एका भागाहून अधिक असतां कामा नये. २०१७ पासून अंमलांत असलेला मिनामाता येथील पाऱ्याविषयींचा आंतरराष्ट्रीय करारही अशा प्रसाधनांविरुद्ध आहे. तरी बिननांवाच्या डब्यांतून हा माल विकला जातो. म्हणून ज्या डबीवर उत्पादकाचें नांव नाहीं, घटकांची यादी नाहीं, किंवा जिच्यावर कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरी यांपैकीं एखादा शब्द आहे, ती घरांत ठेवूं नये. आठ दिवसांत गोरें करण्याचें वचन देणारें कोणतेंही मलम संशयास्पद समजावें. दुसरा असाच धोका स्टिरॉइड औषधाच्या मलमांचा. तीं वैद्याच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा नियम सरकारनें २०१८ सालीं कडक केला. तीं दीर्घकाळ चेहऱ्यास लावल्यास कातडी पातळ होते, लाल पडते व पुटकुळ्या वाढतात.

६. वैद्याकडे केव्हां जावें?

पुटकुळ्या खोल, दुखऱ्या किंवा पुवानें भरलेल्या असतील, अथवा गेल्यावर खळगे ठेवीत असतील, तर मातीवर विसंबून दिवस घालवूं नयेत. त्यांवर आतां चांगलीं औषधें आहेत, आणि वेळेवर घेतल्यास व्रण राहत नाहींत. अकोल्याचें सर्वोपचार रुग्णालय व अमरावतीचें जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्यास लोक अजून इर्विन म्हणून ओळखतात, येथें सल्ला मिळूं शकतो.

आणखी एक खूण सर्वांनीं लक्षांत ठेवावी. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असून तेथें स्पर्श कळत नसेल, तर त्यावर लेप लावून तो झांकूं नये. तें कुष्ठरोगाचें आरंभीचें लक्षण असूं शकतें. ज्या अमरावतीशेजारीं डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं तपोवनांत या रुग्णांच्या सेवेस आयुष्य वाहिलें, तेथील मुलांस हें सांगावें लागूं नये. हा रोग आज औषधानें पूर्ण बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें, आणि लवकर गेल्यास हातापायांस व्यंग येत नाहीं. लपविण्यानेंच नुकसान होतें.

७. पालकांस विनंति

शेवटीं दोन शब्द पालकांसाठीं. मुलगी आरशासमोर वारंवार उभी राहते ती बहुधा आपल्याच घरांत कांहीं ऐकल्यामुळें. थोरलीपेक्षां धाकटी उजळ, सांवळी आहे म्हणून स्थळ जमणें कठीण, असे शब्द आपण सहज बोलून जातों; मुलगी ते विसरत नाहीं. मग ती मैत्रिणीनें दिलेली डबी मुकाट्यानें आणते, आणि काय लावते हें आपणांस सांगत नाहीं. अशा वेळीं रागावण्यानें डबी फक्त अधिक खोल लपविली जाते. तिच्या रंगाविषयीं घरांत बोलणें बंद करावें, पाहुण्यांनाही बोलूं देऊं नये, आणि तिला चेहऱ्याची निगा हवी असेल तर आईनें स्वतः तिच्याबरोबर बसून हा मातीचा लेप कालवावा. मुलाच्या तोंडावरील पुटकुळ्यांची थट्टाही कोणीं करूं नये. त्याच्या वयांत ती थट्टा मोठ्यांस वाटते त्याहून फार लागते.

विद्यार्थ्यांसाठीं या सुटींतील एक गृहपाठ असा. घरांत चेहऱ्यास लावण्याच्या जितक्या डब्या व नळ्या असतील, तितक्या एकत्र करून प्रत्येकीवरील उत्पादकाचें नांव, पत्ता, तारीख व घटक वहींत उतरून काढा. ज्या डबीविषयीं रकाना रिकामा राहील, ती आईवडिलांस दाखवा, आणि शाळा उघडल्यावर वही वर्गांत घेऊन या.